वाचनालयाचीही निवडणूक असते

गावातल्या वाचनालयात शिरताना दाराशेजारी एक सूचना फलक दिसतो. वर्षातून एकदा त्यावर टाइप केलेला कागद लागतो. ‘संस्थेच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात असते. खाली विषयांची यादी असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, लेखापरीक्षकाची नेमणूक करणे आणि मग शेवटच्या दोन-तीन ओळींत कुठे तरी ‘पुढील कालावधीसाठी कार्यकारी मंडळाची निवड करणे’. त्या फलकाला लागूनच वर्तमानपत्रांचं टेबल असतं. रोज वीस-पंचवीस माणसं तिथं येतात, पेपर चाळतात, बाजारभाव पाहतात आणि निघून जातात. कागद पंधरा दिवस लागलेला असतो आणि शेवटची ओळ फार थोडे जण वाचतात.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर किन्हीराजा लागतं. या पट्ट्यातल्या माणसाला निवडणूक नवी नाही. ग्रामपंचायतीत कोणत्या वॉर्डातून कोण उभं आहे, सेवा सहकारी सोसायटीत कुणाचं पॅनल बसलं, बाजार समितीत कुणाचे किती संचालक आले, जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला मिळणार, हे चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतं. पण वाचनालयाचा विषय निघाला, की समोरचा हमखास विचारतो, ‘लायब्ररीचीबी निवडणूक राह्यते का?’

राहते. शासनमान्य सार्वजनिक वाचनालय ही कुणा एकाच्या मालकीची वस्तू नसते आणि सरकारी कार्यालयही नसते. ती सभासदांची संस्था असते. तिचा कारभार पाहणारं मंडळ सभासदांनी निवडून द्यायचं असतं, आणि वर्गणी भरणारा सज्ञान सभासद, संस्थेच्या घटनेतल्या अटी पूर्ण करत असेल तर, त्या मंडळात जाण्यासाठी उभा राहू शकतो. तो शेतमजूर असो, गृहिणी असो, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असो की निवृत्त गुरुजी. ही गोष्ट इतकी साधी असूनही इतक्या कमी लोकांना माहीत आहे, की आपल्या गावोगावच्या वाचनालयांची आजची अवस्था बरीचशी त्यातूनच समजते.

ही व्यवस्था आली कुठून, हे आधी पाहायला हवं. मराठी मुलुखात वाचनालयं सरकारने काढली नाहीत, लोकांनी काढली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आणि पुण्याचं नगर वाचन मंदिर ही दोन्ही १८४८ ची. सुरुवातीच्या कित्येक संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने निघाल्या आणि त्यांत इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार होता. पण पुढे त्या चालवल्या त्या गावच्या वर्गणीदारांनी. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये केवळ मराठी पुस्तकांसाठी ग्रंथसंग्रहालय काढलं. त्यानंतर पाच वर्षांनी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. वर्गणी जमवायची, पाच-सात जणांचं मंडळ करायचं, कपाट आणायचं आणि पुस्तकं लावायची, हाच सगळीकडचा रिवाज होता.

याच काळात बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी वेगळी वाट पाडली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या या राजाने १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. गावातल्या वाचनालयासाठी त्यांनी ठरवलेलं सूत्र आजही दाद द्यावं असं आहे. गावाने जेवढी रक्कम उभी करायची तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावाने स्वतःचा हिस्सा टाकला पाहिजे ही अट मुद्दाम घातलेली होती. आपला पैसा गुंतला, की तिथं काय चाललंय हे माणूस विचारतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये फैजी समिती नेमली गेली आणि ग्रंथालयांना सरकारी मदत देण्याची योजना आकाराला आली. किन्हीराजा ज्यात येतं तो वऱ्हाड मात्र तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला असल्याने या योजनेबाहेर होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, १ मे १९६८ पासून तो लागू झाला आणि रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंत सगळी वाचनालयं एका कायद्याखाली आली. मान्यता आणि अनुदानाचे तपशीलवार नियम १९७० चे.

या कायद्याने एक महत्त्वाची निवड केली. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत ग्रंथालयासाठी कर आहे. घरपट्टीबरोबर तो भरला जातो. महाराष्ट्राने कर लावला नाही. राज्याच्या तिजोरीतून ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये टाकण्याची तरतूद केली आणि लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता देऊन अनुदान द्यायचं ठरवलं. म्हणजे पैसा मुख्यतः सरकारचा, पण चालवणारे हात लोकांचे. त्यामुळेच इथं मंडळाला एवढं महत्त्व आलं. सरकारी अधिकारी वर्षातून एखाद्या वेळी तपासणीला येतो. बाकीचे दिवस वाचनालय कसं असेल, हे त्या सात-नऊ-अकरा माणसांवर अवलंबून असतं.

ती माणसं काय ठरवतात? पुस्तकं कोणती घ्यायची, हे ठरवतात. शासनमान्य यादी असते, पण त्या यादीतली कोणती पुस्तकं निवडायची आणि यादीबाहेरची कोणती, हा निर्णय मंडळाचा. दार किती वाजता उघडायचं, अभ्यासिका करायची की नाही, तिथं पंखा आणि दिवा कोण लावणार, मासिकं कोणती बंद करायची, वर्गणी किती, अनामत किती, ग्रंथपाल कोण, त्याचं मानधन किती, हेही मंडळच ठरवतं. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून पुस्तकं आणि साधनसामग्री मिळू शकते. त्यासाठी वेळेवर प्रस्ताव पाठवायचा की नाही, हेही त्यांच्याच हातात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बँकेच्या खात्यावर सह्या कुणाच्या, हे.

पैशाचा हिशेब जवळून पाहिला, की या कामाचं वजन कळतं. राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य वाचनालयं आहेत. त्यांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ असे वर्ग आहेत आणि जिल्हा, तालुका व इतर अशी विभागणी. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, रोज दार किती तास उघडं राहतं, यावर वर्ग ठरतो. खेड्यातली बहुतेक वाचनालयं ‘क’ किंवा ‘ड’ मध्ये असतात. ‘ड’ वर्गाला वर्षानुवर्षं ३० हजार रुपये मिळत होते. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय घेतला. त्या हिशेबाने ही रक्कम ४८ हजारांवर गेली. अनुदान साधारण निम्मं वेतनावर आणि निम्मं इतर खर्चावर वापरायचं. म्हणजे त्या वाढीनंतर वेतनाच्या वाट्याला २४ हजार आले, महिन्याला २ हजार रुपये. एवढ्या पैशात रोज दार उघडणारा, पुस्तकं देणारा-घेणारा, नोंदवह्या भरणारा आणि झाडूही मारणारा माणूस टिकवायचा आहे. उरलेल्या २४ हजारांत पुस्तकं, पेपरचं बिल, वीज, भाडं आणि फर्निचर. मान्य खर्चातला काही हिस्सा संस्थेने स्वतः उभा करायचा असतो, तो वेगळाच. गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल या व्यवस्थेतला सगळ्यात सोशिक माणूस आहे, आणि मंडळावर येणाऱ्याने सर्वांत आधी त्याचा विचार करायला हवा.

अनुदान कमी आहे हे खरंच. पण कमी अनुदानातही एखादं वाचनालय गजबजलेलं असतं आणि शेजारच्या गावातलं कुलूपबंद. दोघांना पैसा सारखा, नियम सारखे. फरक मंडळाचा.

तो फरक २०१२ मध्ये राज्यभर चव्हाट्यावर आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने महसूल यंत्रणेकडून सगळ्या वाचनालयांची पडताळणी करून घेतली. कुठे पुस्तकं नोंदवहीत होती पण कपाटात नव्हती, कुठे सभासद कागदावर होते, कुठे दारच उघडत नव्हतं. अनेक संस्थांमध्ये त्रुटी निघाल्या, काहींची मान्यता गेली. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणं आणि असलेल्यांचा वर्ग वाढवणं कित्येक वर्षं थांबलं. प्रामाणिकपणे चालणाऱ्या संस्थाही त्यात भरडल्या गेल्या. चांगलं काम करून ‘ड’ मधून ‘क’ मध्ये जाऊ पाहणारं गावही तिथंच अडकून पडलं. त्या काळात गावात नवं वाचनालय काढून सरकारी मदत मिळवणं शक्य नव्हतं, त्यामुळे जे आहे ते सुधारण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. आणि सुधारायचं तर मंडळात जायला हवं.

आता प्रत्यक्ष उभं राहायचं कसं, ते पाहू. किन्हीराजाच्याच नव्हे, राज्यातल्या कोणत्याही गावच्या सभासदाला हा रस्ता सारखाच लागू आहे.

बहुतेक वाचनालयं दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि दुसरा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. पहिल्यामुळे ती संस्था होते, दुसऱ्यामुळे सार्वजनिक न्यास. संस्था सुरू करताना किमान सात माणसं लागतात आणि तेव्हाच तिची घटना लिहिली जाते. ही घटना म्हणजे निवडणुकीचं सगळं गणित. मंडळात किती जण, मुदत तीन वर्षांची की पाच वर्षांची, मत कुणाला, उभं कोण राहू शकतं, सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, पदाधिकारी सभासदांनी थेट निवडायचे की निवडून आलेल्या मंडळाने आपसांत, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. प्रत्येक वाचनालयाची घटना वेगळी असते. शेजारच्या गावात असं झालं म्हणून आपल्याकडेही तसंच होईल, हा समज सोडून द्यावा. घटनेची प्रत कार्यवाहांकडे मागावी. तिथं मिळाली नाही तर धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढता येते. त्याच कार्यालयात ‘परिशिष्ट एक’ची नक्कलही मिळते. संस्थेचे विश्वस्त म्हणून सरकारदरबारी आज कुणाची नावं आहेत, हे त्यात दिसतं. ती नावं वाचताना पुष्कळांना धक्का बसतो, कारण यादीतली काही माणसं हयातही नसतात.

मग मतदार यादी. इथं बहुतेक उमेदवार अडतात, तेही नियमामुळे नव्हे तर आळसामुळे. संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ अगदी स्पष्ट आहे. ज्या सभासदाची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. माणूस वीस वर्षं वाचनालयात येत असेल, ग्रंथपाल त्याला नावाने ओळखत असेल, त्याच्याकडे आत्ता घरी दोन पुस्तकं असतील. पण वर्गणी थकली असेल तर सभेत तो पाहुणा. खेड्यात वर्गणी ‘देऊ ना दिवाळीले’ म्हणून राहते. ग्रंथपालही ओळखीचा, तो आग्रह धरत नाही. निवडणूक लागली की मग यादी निघते आणि खरे वाचकच तिच्यात नसतात. वर्गणी दिली असेल आणि पावती घेतली नसेल, तरीही तीच गत. म्हणून वर्गणीची पावती रेशनकार्डासारखी जपून ठेवायची.

सभासदांचे प्रकारही पाहावेत. साधारण सभासद, आजीव सभासद, आश्रयदाते असे वर्ग असतात आणि काही घटनांमध्ये मंडळातल्या जागाही त्या वर्गांनुसार वाटलेल्या असतात. काही ठिकाणी फक्त वाचक वर्गणीदार असणं पुरत नाही. संस्थेचा सभासद होण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंडळाने मंजूर करावा लागतो. याच जागी नव्या माणसाची वाट अडवली जाऊ शकते. अर्ज दिला असेल तर त्याची पोच घ्यावी आणि तो कोणत्या सभेत ठेवला हे विचारावं.

मोठ्या संस्थांमध्ये पुढची पायरी रीतसर असते. निवडणूक अधिकारी नेमला जातो, कच्ची यादी लागते, हरकती घेतल्या जातात, पक्की यादी येते, नामनिर्देशन पत्रावर सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या होतात, छाननी, माघार, मतपत्रिका, मतमोजणी. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची निवडणूक तर पॅनल पाडून लढवली जाते. जाहीरनामे निघतात, प्रचार होतो, स्थानिक वर्तमानपत्रं रोजच्या रोज बातम्या देतात. कुणाला हे वाचनालयाला न शोभणारं वाटेल. तसं वाटण्याचं कारण नाही. वाचनालयाच्या जागेसाठी चुरस होते याचा अर्थ गावाला ती संस्था हवीशी आहे.

पण मत कुणाला आहे, हा प्रश्न मोठ्या संस्थांनाही सुटलेला नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या अध्यक्षपदासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये मतदान झालं. शरद पवार निवडून आले. त्यांना २९ मतं मिळाली आणि प्रतिस्पर्धी उमेदवाराला २. सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतल्या एवढ्या मोठ्या संस्थेचा अध्यक्ष ३१ मतांत ठरला. मतदारांच्या संख्येवरून आणि यादीवरून तेव्हा वादही झाला. निकाल काहीही लागला असता तरी एक गोष्ट उरतेच. पुस्तक नेणारा सामान्य वाचक आणि अध्यक्ष निवडणारा मतदार यांच्यात अंतर पडलं, की संस्था वाचकांपासून दूर जाते. खेड्यातल्या वाचनालयात हे अंतर राखायला काही कारणच नाही. तिथं सभासद पन्नास ते शंभर, सगळे एकमेकांना ओळखणारे.

खेड्यातली निवडणूक होते ती वार्षिक सर्वसाधारण सभेत, आणि बहुतेक वेळा ती होत नाही, उरकली जाते. सभेची वेळ सकाळी अकराची. साडेअकरापर्यंत सात-आठ जण जमतात. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच ठिकाणी पुन्हा सुरू होते. अशा तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, असं घटनेतच लिहिलेलं असतं. मग कुणी तरी जुन्या मंडळाचीच नावं सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात, ‘सर्वानुमते’ हा शब्द इतिवृत्तात उमटतो आणि चहा येतो. या साऱ्यात बेकायदा काही नाही. ज्यांनी यायला हवं होतं ते आले नाहीत, एवढंच. वाशिम भागात तर आर्थिक वर्षाचा हिशेब तपासून सभा घेईपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि त्याच सुमाराला सोयाबीन काढणीला येतं. मळणीयंत्र शेतात लागलेलं असताना अकरा वाजताच्या सभेला कोण येणार? ज्याला मंडळात जायचंय त्याने पहिली मागणी हीच करावी, की सभा संध्याकाळी सातनंतर किंवा काढणी सुरू होण्याआधी ठेवा. ही मागणी लेखी द्यावी, चार सभासदांच्या सह्या घेऊन द्यावी.

आणि प्रचारही करावा. पन्नास घरं म्हणजे चार संध्याकाळचं काम. सभासदाच्या ओट्यावर बसून त्याला विचारावं, शेवटचं पुस्तक कधी नेलं, का थांबलात, काय हवं आहे. उत्तरं ऐकली की जाहीरनामा आपोआप तयार होतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना सकाळी सहाला दार उघडलेलं हवं असतं. आज त्यांना अभ्यासिकेसाठी वाशिम किंवा अकोला गाठावं लागतं आणि खोलीभाडं भरावं लागतं. दुपारी कामं आटोपल्यावर बायकांना दोन तास हवे असतात. वयस्कर माणसांना मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि एक बरा दिवा. शाळेतल्या मुलांना चित्रांची पुस्तकं, जी कपाटात कुलूपबंद नसतील. यातलं निम्मं तरी पैशाविना होण्यासारखं आहे, वेळापत्रक बदललं की झालं. उमेदवाराने तीन गोष्टी सांगाव्यात आणि त्या करून दाखवता येतील अशा असाव्यात. भव्य इमारतीचं वचन देऊ नये.

बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे आज गावोगाव सरपंच बाई दिसते. वाचनालयाच्या मंडळाला असं आरक्षण लागू नाही. घटनेत लिहिलं असेल तर आहे, नाही तर नाही. म्हणून ज्या गावात बाई सरपंच आहे, बचत गटांचे लाखोंचे व्यवहार बायका चालवतात, त्याच गावात वाचनालयाच्या मंडळात मात्र एकही बाई नसते. बचत गटात कीर्द लिहिणारी, मासिक बैठकीचे ठराव घेणारी, बँकेत जाऊन खातं सांभाळणारी बाई वाचनालयाचा कारभार सहज पेलू शकते; कामाचं स्वरूप तेच आहे. दहा-बारा जणींनी एकाच दिवशी सभासदत्व घेतलं, तर लहान वाचनालयाच्या निवडणुकीत तो मोठा गठ्ठा होतो.

निवडून आल्यावरचं पहिलं काम बहुतेकांना ठाऊक नसतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. मंडळ बदललं की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ मध्ये ते आहे. त्याला सभेची नोटीस, ती सभासदांना पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रं जोडावी लागतात. नवं मंडळ उत्साहात पुस्तकं आणायला धावतं आणि हा अर्ज राहून जातो. परिशिष्टावर जुनीच नावं राहतात. पुढे दोन गट पडले, की प्रत्येक जण आपलंच मंडळ खरं म्हणतो, बँक व्यवहार थांबवते, अनुदानाचा हप्ता अडकतो आणि ग्रंथपालाचं मानधन थकतं. कित्येक चांगल्या संस्थांचा असा गळा आवळला गेला आहे. बदल अर्ज वेळेवर दिला आणि त्याची पोच फाइलला लावली, तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

नंतर दप्तर ताब्यात घ्यायचं. दाखल नोंदवही उघडून कपाटातल्या पुस्तकांशी ताडून पाहायची. दोन-तीन हजार पुस्तकांचं वाचनालय असेल तर चार-पाच जणांना दोन रविवार पुरतात. पुस्तकाच्या आतल्या पानावरचा शिक्का, दाखल क्रमांक आणि वहीतली ओळ एकमेकांशी जुळते का, एवढंच पाहायचं. हरवलेली, वाळवी लागलेली, परत न आलेली पुस्तकं वेगळी लिहून सभेपुढे ठेवायची. हे काम कंटाळवाणं आहे. पण आपल्या वाचनालयात खरोखर काय आहे, हे मंडळाला त्याशिवाय कळत नाही.

गावातली जागा ही पहिली पायरी. मान्यताप्राप्त वाचनालयं मिळून जिल्हा ग्रंथालय संघ होतो, जिल्हा संघांचा विभागीय संघ आणि वर राज्य ग्रंथालय संघ. कायद्याने नेमलेल्या समित्यांवर आणि राज्य ग्रंथालय परिषदेवर चळवळीचे प्रतिनिधी असतात ते या साखळीतून जातात. अनुदान, सेवकांचं वेतन, वर्गवाढ हे प्रश्न वर मांडायचे तर गावच्या मंडळात जागी माणसं हवीत, कारण वरच्या निवडणुकीत मत त्यांचं असतं.

ही साखळी किती ताकदीची होऊ शकते, हे केरळात दिसतं. १९४५ मध्ये अंबलप्पुळा इथं पी. एन. पणिक्कर या शिक्षकाच्या पुढाकाराने ४७ वाचनालयांचे लोक एकत्र आले आणि ग्रंथशाळा संघ सुरू झाला. १९८९ च्या कायद्याने तिथं तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तिन्ही पातळ्यांवर निवडून आलेली ग्रंथालय मंडळं आहेत. गावच्या वाचनालयाचा सभासद आपलं मंडळ निवडतो, ते वरच्यांना निवडतं, आणि ग्रंथालय करातून आलेल्या पैशाचं काय करायचं हे निवडून आलेली माणसं ठरवतात. पणिक्करांचा स्मृतिदिन, १९ जून, तिथं वाचन दिन म्हणून पाळला जातो.

अमेरिकेत आणखी पुढची गोष्ट आहे. इलिनॉयसारख्या राज्यात ग्रंथालय जिल्ह्याच्या मंडळाचे सात विश्वस्त सार्वत्रिक मतदानाने निवडले जातात; मत देण्यासाठी वाचनालयाचा सभासद असण्याचीही गरज नाही, त्या हद्दीतला मतदार असणं पुरेसं. त्याचे फायदे आहेत तसे धोकेही आहेत. मिशिगन राज्यातल्या जेम्सटाऊन या छोट्या वस्तीत काही पुस्तकांवरून वाद पेटला आणि २०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी वाचनालयाचा कर दोनदा नाकारला. वाचनालय बंद पडायची वेळ आली. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कर मंजूर झाला. आपल्याकडे वाचनालयावरून असं रान पेटत नाही याचं समाधान मानावं, की आपल्याला त्याचं काही वाटतच नाही याची खंत करावी, हा प्रश्न पडतो. या लेखकाचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

किन्हीराजाच्या आसपासच्या गावांत आज मोबाइल नसलेलं घर सापडणं अवघड. तरी सकाळी आठ वाजता पेपरच्या टेबलावर माणसं जमतात, एकच अंक चार तुकडे करून वाचतात आणि त्यावर बोलतात. भरतीची जाहिरात आली की मुलं चालू घडामोडींची मासिकं शोधत येतात. वाचक आहेत. त्यांच्या बाजूने मंडळात बोलणारं माणूस हवं आहे, आणि ते त्या टेबलावरूनच उठून आलं तर उत्तम.

म्हणून ज्या वाचकाने इथपर्यंत वाचलं, त्याने या आठवड्यात एक काम करावं. आपल्या गावच्या वाचनालयात जावं, वर्गणी कधीपर्यंत भरलेली आहे ते विचारावं, थकली असेल तर भरावी आणि पावती मागून घ्यावी. निघताना फलकावर सभेची नोटीस लागली आहे का, ते पाहावं. लागली असेल तर तारीख लिहून घ्यावी. नसेल लागली, तर शेवटची निवडणूक कोणत्या वर्षी झाली आणि मंडळाची मुदत कधी संपते, एवढं कार्यवाहांना विचारून यावं.